झोपेतला श्वास मोजा

कुत्र्याला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर रोज तो गाढ झोपला की त्याचे श्वास मोजा. छाती वर गेली, खाली आली, की एक. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. पाय झाडत, कुईंकुईं करत असेल तर तो स्वप्नात आहे. जरा थांबून मोजा.

आकडा साधारण 30 च्या आत हवा. पण त्याहून मोलाचा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा. आमच्या मोत्याचा 18 ते 22 असतो. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारीच मी तो लिहिते, म्हणजे वाढ लगेच डोळ्यांत भरते. पुन्हा मोजूनही 30 च्या वरच आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

इथे ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारी तो जीभ काढून धापा टाकतो, तो आकडा धरू नका. पहाटे गारव्यात मोजा. फिरायला नेताना गळ्याऐवजी छातीचा पट्टा बांधा.

हिरड्या निळसर झाल्या, किंवा मान ताणून, कोपरं फाकवून तो बसून राहिला, आडवाच होईना, तर मोजत बसू नका. रात्र असली तरी तसंच उचलून दवाखान्यात न्या.