लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांचे आर्थिक हितसंबंध कसे तपासावेत

सरपंचाच्या मेहुण्याला गटाराचे काम मिळाले, एवढे कळले की गावात निकाल लागून जातो. जिल्हाधिकाऱ्यांपुढे किंवा न्यायालयापुढे मात्र केवळ नाते दाखवून भागत नाही. संबंधित व्यक्तीचा त्या व्यवहारात पैशाचा संबंध होता, त्या व्यवहाराबाबत निर्णय घेण्याचा अधिकार तिच्याकडे होता आणि या दोन्ही गोष्टी एकाच काळात होत्या, हे तिन्ही कागदावर दिसावे लागते. म्हणून तपासाच्या पहिल्याच दिवशी वहीत किंवा संगणकावर तारखांचा तक्ता आखावा आणि हाती येणारा प्रत्येक कागद त्या तक्त्यात बसवत जावे. आरोप करण्याची वेळ त्यानंतर येते, आणि पुष्कळदा तक्ता पूर्ण झाल्यावर आरोपच उरत नाही, हेही मनात असू द्यावे.

खासदार किंवा आमदार असल्यास सुरुवात उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ मधील शपथपत्रापासून करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवारांना मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे जाहीर करावी लागू लागली. ‘लोकप्रहरी’ संस्थेच्या याचिकेवरील फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटे या दोन बाबींवर भर दिला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ही शपथपत्रे विनाशुल्क मिळतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उमेदवारांची शपथपत्रे मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेत शोधावी लागतात. वर्तमानपत्रे एकूण मालमत्तेचा आकडा छापतात, पण हितसंबंधांच्या दृष्टीने तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. वाचायची ती समभागांची यादी, भागीदारी संस्थांना दिलेली कर्जे, पती-पत्नी व अवलंबितांचे रकाने आणि शासकीय कंत्राटांचा तपशील. एकाच व्यक्तीची लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, कारण आधीच्या शपथपत्रात असलेली आणि नंतरच्यात नसलेली कंपनी बहुधा पुढचा माग दाखवते. रकाना कोरा सोडता येत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे तरी लिहावेच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२५अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यानंतर कंत्राटाचे कागद मागवावेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावून करता येतो, पण राज्याच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून ‘या सदस्याच्या सर्व व्यवहारांची माहिती द्यावी’ असा अर्ज कधीही करू नये. वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणे २०२३ च्या व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीने अधिक सोपे केले आहे. व्यक्तीबद्दल विचारण्याऐवजी कामाबद्दल विचारले तर ती अडचण बरीचशी टळते. अमुक कामाची निविदा, दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, देयक व प्रमाणक आणि तो विषय ज्या सभेत मंजूर झाला त्या सभेचे इतिवृत्त हजेरीपत्रकासह, एवढेच नेमके मागावे. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. ज्याचा संबंध असल्याचा संशय आहे तोच सूचक निघाला तर अर्धे काम झाले. तो सभेला गैरहजर होता असे दिसले तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे तक्त्यात लिहावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अर्ज करण्यापूर्वी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ पाहावे, कारण कोणत्या पुरवठादाराला किती रक्कम अदा झाली हे तेथे अनेकदा आधीच दिसते.

देयक हातात आले की त्यावरचा पंधरा वर्णांचा जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, आणि त्यापुढचे दहा वर्ण म्हणजे पॅन. संपूर्ण क्रमांकातील सहावे अक्षर ‘पी’ असेल तर व्यवसाय एका व्यक्तीच्या मालकीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारीचा, ‘सी’ असेल तर कंपनीचा आणि ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंबाचा. तोच क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फलकावरचे ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायजेस’ बाजूला राहते आणि मालकाचे कायदेशीर नाव समोर येते. कंपनी असल्यास संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि शुल्क भरून तिची वार्षिक विवरणपत्रेही पाहता येतात. संचालक केव्हा झाला आणि केव्हा पायउतार झाला या तारखा टिपून घ्याव्यात. ठरावाच्या आठवडाभर आधी दिलेला राजीनामा हा स्वतंत्र प्रश्न असतो. नामसाधर्म्य ही यातली सर्वांत मोठी फसगत आहे. आपल्याकडे एकाच आडनावाची अर्धी वाडी असते, तेव्हा वडिलांचे नाव, पत्ता किंवा दुसरा एखादा कागद जुळल्याशिवाय दोन नावे एका माणसाची धरू नयेत.

कोणता कायदा लागतो हे पदावर अवलंबून आहे, आणि गंमत अशी की पद जितके खालचे तितका कायदा कडक आहे. ग्रामपंचायत सदस्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४(१)(ग) स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पंचायतीच्या कामात किंवा करारात हिस्सा असणे ही अनर्हता, म्हणजे सदस्यपदाची अपात्रता, मानते आणि कलम १६ खाली जिल्हाधिकारी त्यावर निर्णय देतात. नगरपरिषद आणि महानगरपालिकांच्या कायद्यांतही अशीच तरतूद आहे. मात्र कलमाला जोडलेले अपवाद वाचल्याशिवाय अर्ज टाइप करू नये, कारण अनेक अर्ज तेथेच अडखळतात.

‘अप्रत्यक्ष’ म्हणजे कोठपर्यंत, यासाठी गोव्यातील एक प्रकरण वाचण्यासारखे आहे. तेथील एका पंचायत सदस्येच्या पतीने पंचायतीचे कंत्राट घेतले होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची अनर्हता कायम ठेवली. गोव्यात चालत आलेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि त्यामुळे पतीच्या नफ्यात तिचाही आर्थिक हितसंबंध येतो, हा त्यातील महत्त्वाचा धागा होता. महाराष्ट्रात ही सामाईक मालमत्तेची व्यवस्था नाही. त्यामुळे सावंतवाडीच्या अर्जदाराने हा निकाल जोडताना केवळ विवाहाचा दाखला जोडून थांबू नये, तर संयुक्त बँक खाते, भागीदारी करारपत्र, जामीन किंवा एकाच जागेवर चालणारा व्यवसाय असे काही तरी दाखवावे.

आमदार-खासदारांसाठी १९५१ च्या अधिनियमाचे कलम ९अ आहे, पण ते अरुंद आहे. स्वतःच्या व्यापार-धंद्याच्या ओघात संबंधित सरकारला (आमदारासाठी राज्य, खासदारासाठी केंद्र) मालपुरवठा करण्याचा किंवा त्या सरकारचे काम करण्याचा चालू करार असेल तरच ते लागते, आणि काम पूर्ण झाले असेल तर सरकारकडून पैसे येणे बाकी असले तरी करार चालू मानला जात नाही. झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्या नावे रांची जिल्ह्यात दगडखाणीचा पट्टा होता आणि खाण खातेही त्यांच्याकडेच होते. या वादात निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यपालांना मत कळवले. ते मत जाहीर झाले नाही आणि सोरेन पदावर राहिले. सामान्य माणसाला ज्यात हितसंबंध सरळ दिसतो ते या कलमात बसेलच असे नाही. आमदाराविरुद्धची तक्रार अनुच्छेद १९२ खाली राज्यपालांकडे जाते. राज्यसभा सदस्यांसाठी नियम २९३ खाली हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते आणि तिच्यात संचालकपद, नियंत्रक भागभांडवल, सशुल्क सल्लागारपद अशा नोंदी असतात. मंत्र्यांची आचारसंहिता धंद्याच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडायला सांगते, परंतु तिच्या आधारे न्यायालयात दाद मागणे कठीण आहे.

न्यायाधीशांच्या बाबतीत मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या संहितेनुसार ज्या कंपनीत आपले समभाग आहेत तिचे प्रकरण न्यायाधीशाने ऐकू नये. अपवाद एवढाच, की त्याने तो संबंध उघड केला आणि कोणी हरकत घेतली नाही. ५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या ३३ पैकी २१ न्यायाधीशांची मालमत्ता विवरणे संकेतस्थळावर टाकली. उच्च न्यायालयांची प्रथा सारखी नाही, तेव्हा संबंधित न्यायालयाचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे पाहावे. उघड करणे आणि माघार घेणे यांतील फरक अंबानी बंधूंच्या कंपन्यांमधील नैसर्गिक वायूच्या वादात सर्वोच्च न्यायालयात दिसला. न्यायमूर्ती रवींद्रन यांनी दोन्ही बाजूंच्या कंपन्यांतील आपले समभाग आधी सांगितले होते आणि सुनावणी पुढे चालू राहिली. पण मुलगी ज्या विधी संस्थेत काम करते ती एका बाजूला अन्य व्यवहारात सल्ला देते हे कळताच त्यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये खंडपीठ सोडले.

पक्षकाराला असा संबंध आढळल्यास त्याने तो आपल्या वकिलामार्फत, कागद जोडून आणि पहिल्या शक्य तारखेलाच मांडावा. माणकलाल या वकिलाच्या प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाची रचना सदोष मानली, तरीही हरकत वेळेवर घेतली नाही म्हणून त्यांनी ती सोडून दिली असे धरले. अनुकूल निकाल येतो का हे पाहून मग हरकत काढणाऱ्याला आजही तेच ऐकावे लागते. समाजमाध्यमांवर न्यायाधीशाचे नाव घेऊन हेतूंवर बोलणे अवमानाच्या कारवाईला निमंत्रण देते. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविषयी उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला मात्र न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ६ चे संरक्षण आहे. अशी तक्रार प्रबंधकांच्या नावे, शपथपत्रासह आणि पोचपावती घेऊन द्यावी, आणि तिच्यात तारखांचा तक्ता पहिल्या पानावर लावावा.