वाळवंटी पार्कात जिओकॅशिंग करताय? या चुका टाळा

अँझा-बोरेगो हे कॅलिफोर्नियातलं सर्वांत मोठं स्टेट पार्क, जवळजवळ 6 लाख एकरांचं. सॅन दिएगोहून गाडीने दोनेक तास. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. थंडी सुरू झाली की आमच्या ओळखीतली नवी मंडळी फोनमध्ये अ‍ॅप टाकून तिकडे डबे शोधायला निघतात आणि परत येऊन रेंजरबद्दल तक्रार करतात. बहुतेक वेळा बरोबर रेंजरच असतो, कारण या पार्कने असे डबे काढायला लावलेले आहेत. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं पाहून हे लिहिते आहे.

अ‍ॅपवर दिसतो म्हणजे परवानगी आहे, असं समजणं

ही सगळ्यांत मोठी चूक. हा खेळ कोणत्याही सरकारी खात्याने सुरू केलेला नाही. मे 2000 मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली आणि लगेच, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला. तेव्हापासून डबे लोक ठेवतात, अ‍ॅपवर त्यांच्या नोंदी लोक करतात. नव्या नोंदीवर स्वयंसेवक परीक्षक नजर टाकतो, पण जमिनीचा मालक तो नसतो. शिवाय एखाद्या जुन्या यादीतली नोंद जिवंत राहते आणि डबा पार्कने कधीच उचललेला असतो.

नॅशनल पार्कमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या पार्कात, नियम आणखी कडक आहेत. सामान 24 तासांपेक्षा जास्त वेळ बेवारस सोडणंच तिथे साधारणपणे नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे डेथ व्हॅलीत किंवा जोशुआ ट्रीमध्ये आपल्या मनाने डबा ठेवायचा विचारही करू नका. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर सहसा चालतं, पण 'वाइल्डरनेस', म्हणजे निसर्ग जसाच्या तसा राखायचा, असं घोषित केलेल्या भागात नाही. या हद्दी जमिनीवर आखलेल्या नसतात. मी आधी नकाशावर हद्द बघते, मग पार्कच्या कार्यालयात फोन करते आणि ज्यांच्याशी बोलले त्यांचं नाव वहीत लिहून ठेवते. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने वाळवंटात जाऊ नये.

"तंबू चालतो, मग डबा का नाही?" म्हणून भांडणं

अँझा-बोरेगोत डबे काढायला लावले तेव्हा हाच युक्तिवाद झाला आणि अजूनही ऐकू येतो. इथे बऱ्याच मोकळ्या जागी मुक्काम करता येतो, 800 किलोमीटरच्या आसपास कच्चे रस्ते आहेत, जीपगाड्या फिरतात. मग चहाच्या डब्याएवढ्या वस्तूने काय बिघडतं?

डब्याने काही बिघडत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या पावलांनी बिघडतं. मुक्कामाला येणारे विखुरतात, आणि गाडी रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीपलीकडे नेता येत नाही. डब्याचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) मात्र प्रत्येकाला त्याच एका बिंदूवर बोलावतात, वर्षानुवर्षं. तेही थेट बिंदूवर नाही. उघड्यावर जीपीएस तीन-पाच मीटर चुकतं, अरुंद घळीत कड्यांवरून सिग्नल परावर्तित होऊन त्याहून जास्त. म्हणजे शोधणारा प्रत्येक जण त्या बिंदूभोवतीचं सगळं वर्तुळ तुडवतो.

आणि ती जमीन नुसती वाळू नसते. काही ठिकाणी वर काळपट, खडबडीत खपली असते. ती जिवंत आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि आपण गोडा मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद. ही खपली वाळूचे कण बांधून ठेवते, वाऱ्याने माती उडू देत नाही. बुटाखाली क्षणात चुरडते, भरून यायला दशकं लागतात. उत्तरेला मोहावे वाळवंटात अमेरिकी जनरल पॅटन यांच्या सैन्याने 1942 मध्ये रणगाड्यांचा सराव सुरू केला, त्या रणगाड्यांचे माग अजून जमिनीवर दिसतात. "पुढच्या पावसात पुसलं जाईल" हे म्हणणं आपल्या कोकणात ठीक आहे, इथे नाही.

डबा सापडेपर्यंत शोधत राहणं

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एका मोठ्या गटाबरोबर गेले होते. सगळे नवे, उत्साही, हातात कुठल्याशा जुन्या यादीतले कोऑर्डिनेट्स. जागा एका खडकाजवळची. त्या खडकावर खोलगट खळगे होते. इथल्या कुमियाय आणि काहुइया या मूळ रहिवासी जमातींच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बिया कुटून पाडलेले. मी दोनदा सांगितलं की डबा उचललेला असणार, चला. कोणी ऐकेना. एकाने दगड उलटायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने. दोन पोरं झुडपाखालचं उंदराचं घरटं काठीने उसकटत होती. कोणीतरी एका खळग्यातच हात घालून रेती उपसली. तासाभराने रेंजर आली तेव्हा खडकाभोवतीची जमीन नांगरल्यासारखी झाली होती. गटातले एक गृहस्थ तिला सुनावू लागले की आम्ही टॅक्स भरतो, हे पार्क आमचंही आहे. ती शांतपणे ऐकत राहिली, मग प्रत्येक उलटलेला दगड दाखवून विचारलं, हा आधी कुठे होता? एकालाही सांगता आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मी तिकडून गेले. रस्त्यापासून खडकापर्यंत नवी पायवाट पडलेली होती आणि त्या वाटेने आणखी कोणी कोणी जाऊन आलं होतं.

माझी सवय: दहा मिनिटं, दगडाला हात न लावता. डबा दिसला नाही तर 'सापडला नाही' अशी नोंद करून निघायचं. नव्या लोकांना ही नोंद कमीपणाची वाटते. खरं तर पुढच्या माणसाला तीच सर्वांत उपयोगी पडते. आकडा वाढवायची घाई या खेळाचं जितकं नुकसान करते तितकं कोणताही नियम करत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डबा पुरू नका. जमिनीच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय ते खेळाच्याच नियमात बसत नाही.

डब्यात खाऊ, सुगंधी मेणबत्ती, साबण ठेवू नका. जनावरं वासाने येतात आणि डबा फोडतात.

लष्करी गोळ्यांची जुनी पेटी वापरणार असाल तर वरचे शिक्के रंगवून झाका, बाहेर ठळक लिहा. बेवारस पेटी दिसली की लोक पोलिसांना बोलावतात.

पाणवठ्याजवळ काहीही ठेवू नका. इथल्या डोंगरी मेंढ्या, ज्यांच्यावरून पार्कला 'बोरेगो' नाव पडलं, 1998 पासून संकटग्रस्त यादीत आहेत. माणूस दिसला की त्या पाणी न पिता मागे फिरतात. कायोटी कॅन्यनमधला भाग उन्हाळ्यात बंद ठेवतात तो यासाठीच.

नियमबाह्य डबा दिसला तर स्वतः उचलू नका. फोटो काढा, रेंजरला कळवा.

दगडाच्या फटीत डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात घालू नका. विषारी रॅटलस्नेक तिथेच सावलीला बसतो.

आणि डबा नको, जागा बघायची आहे, असं असेल तर अर्थकॅश शोधा. 2004 पासून हा प्रकार आहे. डबा नसतोच. त्या जागेचे खडक, थर, भेगा पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची, की नोंद पक्की. त्यासाठीही बऱ्याच ठिकाणी जागेच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी लागते, पण जे पार्क डब्याला नाही म्हणतात त्यातले बरेच याला हो म्हणतात. नव्या माणसाला मी पहिल्यांदा अर्थकॅशलाच नेते. पायवाटेवर उभं राहूनच उत्तरं शोधता येतील, असा एखादा निवडून.