पुण्यात बसून श्रीवर्धनचा इतिहास कसा शोधायचा
१७१३ मध्ये पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, आणि पेशव्यांचे कागद पुण्यात आहेत, त्यामुळे बरंच काम पुण्यातच होऊन जातं. आधी १८८३ चं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटिअर (इंग्रज सरकारचा जिल्हावार माहितीग्रंथ) वाचा, ऑनलाइन मिळतं, आणि त्यात जंजिऱ्याचा भाग बघायला विसरू नका कारण गाव १९४८ पर्यंत सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होतं. मग सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. पण हे जुने कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी आधी शिकाच, दोन-तीन महिने रोज थोडं वाचलंत तरी हात बसतो, नाहीतर कागद समोर असून उपयोग नाही. शेवटी गावात जा, आजी-आजोबांना वाडीतल्या जागांची जुनी नावं विचारा, लगेच लिहून घ्या.