सॅक्सोफोनवरचे सर्वांत वरचे सूर: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात लग्नाच्या वरातींत मी बँडपथकासोबत अल्टो सॅक्सोफोन वाजवतो. वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्यापलीकडचे, ज्यांना अल्टिसिमो म्हणतात ते सूर मात्र दोन वर्षे मला दाद देत नव्हते. बोटांची ठेवण पाठ असूनही वरचा जी (पाश्चात्त्य पद्धतीत सुरांना ए, बी, एफ, जी अशी अक्षरी नावे असतात) लावायला गेलो की चिरका आवाज निघे किंवा सूर धाडकन खाली कोसळे, आणि मग मी खालचा ओठ दातांवर आणखी आवळत असे. ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वळ उठले, तेव्हा कुठे लक्षात आले की चूक नेमकी तिथेच आहे, कारण ओठ असा आवळला की रीडचे, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या, फुंकरीने थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्टीचे, कंपनच गुदमरते.

मग कपाशीच्या वावरात, जिथे कोणाची झोपमोड होत नाही, रोज वीस मिनिटे मी एकच सराव केला: सर्वांत खालच्या बी-फ्लॅटची बोटे तशीच ठेवून, सूर एक सप्तक वर नेणाऱ्या ऑक्टेव्हच्या कळीला हात न लावता, आधी वरच्या सप्तकातला बी-फ्लॅट, नंतर त्यावरचा एफ आणि मग आणखी वरचा बी-फ्लॅट केवळ घसा व जीभ बदलून काढायचा. 'ई' म्हणताना जीभ टाळूकडे चढते, तशीच ती इथे चढवावी लागते. एवढे जमायला मला तीन महिने लागले.

दोन नंबरची मऊ रीड सोडून अडीचची, म्हणजे जरा कडक, घेतल्याचाही उपयोग झाला. मे महिन्याच्या उन्हात रीडचे टोक वाळून सुरकुतते, म्हणून ती वाजवण्यापूर्वी पाण्यात भिजवतो. आता जी बहुधा लागतो. त्यावरचा ए अजूनही दहांतून चार वेळा फसतो.