वडील धडधाकट असतानाच दुकान मुलांच्या हाती कसं सोपवावं?

धीरूभाई अंबानी २००२ साली गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. दोघा भावांची वाटणी व्हायला २००५ उजाडलं, तेही आईने मध्यस्थी केल्यावर. आपलं कापडाचं किंवा हार्डवेअरचं दुकान तर तीन वर्षं भांडण सोसणारही नाही.

सुरुवात गल्ल्यापासून करा. लागेल तसे पैसे काढणं आजपासून बंद. घरातला जो दुकानात राबतो त्याला ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार. सून बिलं करत असेल तर तिलाही. त्यावर लागले तर उचल म्हणून वहीत नोंद. भाऊ नफ्यावरून क्वचित भांडतात, "त्याने किती काढले" यावरून हमखास.

मग एक काम पूर्णपणे सोपवा. माझं मत विचाराल तर उधारीची वसुली. गिऱ्हाईक कळतं आणि नाही म्हणायची सवय लागते. मात्र मुलाने सांगितलेला भाव वडिलांनी गिऱ्हाइकासमोर बदलायचा नाही. चुकला असेल तर शटर खाली आल्यावर बोला. हेच सगळ्यात जड जातं. वडील, म्हणजे आपले अप्पा, रोज गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले की नोकर त्यांच्याच तोंडाकडे बघणार, म्हणून ती खुर्ची तिथून हलवाच. आणि "आता दर त्याच्याशी बोला" हे घाऊक व्यापाऱ्यांना अप्पांनी स्वतः फोन करून सांगायचं.

त्यानंतर कागद. दुकान एकट्या वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्यामागे तो जीएसटी क्रमांक वारसाला चालत नाही, नवा घ्यावा लागतो. भागीदारी असेल तर करारपत्र काढून वाचा. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याने एक भागीदार वारला की भागीदारीच संपते. दोघंच भागीदार असतील तर एक गेल्यावर उरलेल्या एकट्याची भागीदारी होत नाही, म्हणून तिसरा आत्ताच घ्या. बँकेतलं नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे. मृत्युपत्र वेगळं करा, दोन साक्षीदारांसमोर. सासरी गेलेल्या मुलीलाही या बोलण्यात बसवा. हिंदू कुटुंबात वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत तिचा हक्क मुलाइतकाच आहे.

ही बैठक दिवाळीत ठेवू नका, तेव्हा कुणालाच फुरसत नसते. मार्चअखेरचा हिशेब लागला की एखाद्या सुट्टीच्या दिवशी सीएंना घरी जेवायला बोलवा.