छोटा, एकटा पडलेला देश उपग्रह सोडू शकला असता का? वहीवर कसं तपासायचं

मागच्या रविवारी भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे, जेवता जेवता म्हणाला, मामा, युरोपातल्या छोट्याशा अल्बेनियानं मनावर घेतलं असतं तर त्यांनी पण उपग्रह सोडला असता की. मी म्हटलं नसतं जमलं. तो म्हणाला का नाही. खरं सांगायचं तर कारण दोघांकडं पण नव्हतं, नुसते आवाज वाढत गेले, मग ताटं उचलली आणि वही घेऊन रात्री अकरापर्यंत बसलो. असा वाद तुमच्याकडं पण होत असेल, देश कुठला पण असू दे, तर तो कसा तपासायचा ते लिहितोय. एक वही, एक नकाशा आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, एवढं पुरतं.

सगळ्यात आधी ठरवा की प्रश्न वर जायचा आहे का वर राहायचा. निम्मे वाद इथंच संपतात. लेबनॉन केवढासा देश, तिथं १९६० च्या सुमारास बैरूतच्या हायगाझियन कॉलेजमधले शिक्षक मानूग मानूगियान आणि त्यांची पोरं रॉकेट करायला लागली, पुढं लष्करानं हात दिला, आणि त्यांच्या सीडर ४ रॉकेटवर सरकारनं पोस्टाचं तिकीट काढलं. मला या पोरांबद्दल मनापासून आदर आहे. पण ती रॉकेटं वर जाऊन खाली येणारी होती. शंभर किलोमीटर उंची गाठायला सेकंदाला दीड-दोन किलोमीटरचा वेग पुरतो, कक्षेत टिकायला ७.८ लागतो, आणि वाटेत हवा आणि गुरुत्वाकर्षण जे खातात ते धरून रॉकेटला ९.४ च्या आसपास ताकद ठेवावी लागते.

आता हे स्वतः करून बघा. घन इंधनाचा वायू नोझलमधून, म्हणजे रॉकेटच्या मागच्या तोंडातून, सेकंदाला साधारण अडीच किलोमीटरनं बाहेर पडतो. ९.४ ला २.५ नं भागा, ३.७६ येतं, आणि रॉकेटच्या सूत्राप्रमाणं e चा (गणितातला आकडा, २.७१८) ३.७६ वा घात काढा, ४३ येतात, हे भरलेल्या आणि रिकाम्या रॉकेटच्या वजनाचं प्रमाण. म्हणजे ४३ किलोच्या रॉकेटमधलं ४२ किलो इंधन, आणि राहिलेल्या एका किलोत नळकांडं, नोझल, वायरिंग, उपग्रह सगळं बसवायचं. एका टप्प्यात ते होत नाही, म्हणून तीन-चार टप्पे करून रिकामं झालेलं नळकांडं वाटेत टाकत जायचं. आपलं एसएलव्ही-३ चार टप्प्यांचं, १७ टनांचं, आणि १८ जुलै १९८० ला त्यानं वर नेली ती रोहिणी ३५ किलोची, सिमेंटच्या पोत्यापेक्षा हलकी. जपाननं तर ११ फेब्रुवारी १९७० ला ९.४ टनाच्या लॅम्डा ४एस रॉकेटनं २४ किलोचा ओसुमी सोडला. त्यामुळं छोट्या देशाला मोठं रॉकेट परवडत नाही हा मुद्दा वहीतून खोडून टाका, पहिल्या उपग्रहाला मोठं रॉकेट लागतच नाही.

मग नकाशा. पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणून पूर्वेकडं सोडलं की फुकटचा वेग मिळतो, विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर, आपल्या सोलापूरच्या अक्षांशावर साधारण ४४३. पण सोलापुरातून पूर्वेकडं सोडून तर बघा, जळालेले टप्पे कलबुर्गी नाहीतर हैदराबादच्या बाजूला पडणार. म्हणून श्रीहरिकोटा, पुढं सगळा समुद्र. इस्रायलच्या पूर्वेला शेजारी देश, त्यामुळं १९ सप्टेंबर १९८८ ला ओफेक-१ त्यांनी उलटा, पश्चिमेकडं भूमध्य समुद्रावरून सोडला, फुकटचा वेग तर गेलाच वर तेवढाच पदरचा घालावा लागला. तरी जमवलं. म्हणजे नकाशा वाईट असला तरी एक दिशा मोकळी पाहिजे. निदान एक.

यानंतरचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि लोक नेमकं तेच सोडून देतात, ते म्हणजे मालाची यादी. सोलापूरकराला हे समजायला सोपं आहे. चादर आपली, माग आपले, जेकार्डवर डिझाईन बसवणारा माणूस आपला, पण सूत बाहेरून येतं, रंग बाहेरून येतो, उद्या गाड्या यायच्या बंद झाल्या तर माग किती दिवस चालतील? तोच प्रश्न रॉकेटला विचारायचा. घन इंधनाला अमोनियम परक्लोरेट लागतं, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन, ते मिठाच्या पाण्यातून वीज सोडून पुढं तयार करतात, म्हणजे मीठ आणि भरपूर वीज असली तर हे घरात होतं, केरळात अलुव्याला इस्रोचा त्याचा कारखाना आहे. नळकांड्याचं पोलाद, ते आतून प्रचंड दाबानं फुटलं नाही पाहिजे आणि जड पण नको, म्हणजे पोलादाबरोबर ते वळवून वेल्डिंग करणारे, वेल्डिंगचा एक्स-रे काढून नाही म्हणणारे लोक पाहिजेत. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची नळकांडी इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला पण बनतात, आणि ते गाव ज्यांच्या नावानं आहे ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले. साखर कारखान्याची मशिनरी करणाऱ्या जागेत पुढं रॉकेटचं काम होऊ शकतं, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं कारण मला तो सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. देशात आधीपासून असं एखादं वालचंदनगर होतं का, एवढं शोधा.

पुढचं पान "बाहेरून काय आलं" याचं. इथं प्रामाणिक राहा. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं रॉकेट अमेरिकेचं होतं, नंतर फ्रान्सच्या सेंटॉर रॉकेटांचं लायसन्स मिळालं, तिथं आपली माणसं शिकली. उत्तर कोरियानं १२ डिसेंबर २०१२ ला उपग्रह कक्षेत टाकला, पण त्यांच्या रॉकेटांचं मूळ सोव्हिएत स्कड क्षेपणास्त्र. दक्षिण आफ्रिकेवर १९७७ पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी, तरी आरएसए-३ रॉकेटला इस्रायलची मदत झाली, १९८९-९० मध्ये चाचण्या पण झाल्या, आणि मग कक्षा न गाठताच कार्यक्रम गुंडाळला. म्हणून कुठल्या साली दार बंद झालं ते लिहा आणि त्याआधी किती शिकून झालं होतं ते लिहा. आपल्याला १९९३ मध्ये क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या इंजिनाचं, तंत्रज्ञान द्यायला रशियानं अमेरिकेच्या दबावाखाली नकार दिला, स्वतःचं तसलं इंजिन लावून आपलं जीएसएलव्ही रॉकेट नीट उडालं ५ जानेवारी २०१४ ला. वीस वर्षं! एवढा मोठा देश असून. दार बंद झाल्यानं काम थांबत नाही, पण वर्षं जातात, ती वहीत धरा.

आणि अपयश सोसायची तयारी. लॅम्डा ४एस आधी चार वेळा फसलं, एसएलव्ही-३ ऑगस्ट १९७९ मध्ये समुद्रात गेलं. ब्रिटननं उलट केलं, जुलै १९७१ मध्ये ब्लॅक ॲरो रॉकेटचा कार्यक्रम रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच रॉकेटनं प्रॉस्पेरो उपग्रह कक्षेत टाकला. सरकारला गरजच वाटत नसेल तर पैसा असून उपयोग नाही.

आता आमचा अल्बेनिया. १९७९ च्या सुमारास लोकसंख्या २५-२६ लाख, आपल्या सोलापूर जिल्ह्याचीच २०११ ला ४३ लाख होती. वीज होती, नद्यांवर धरणं होती, मीठ होतं, मग परक्लोरेट झालं असतं, इथं भाचा जिंकला. एल्बासानचा पोलाद कारखाना चीनच्या मदतीनं उभा राहत होता, पण १९६१ ला रशियाशी तुटलेलं, १९७८ ला चीन पण मदत थांबवून गेला, आणि १९७६ च्या घटनेत परदेशी कर्जच बंद केलेलं. पश्चिमेला एड्रियाटिक, पण पलीकडं लगेच इटली. पूर्वेला युगोस्लाव्हिया आणि ग्रीस. दक्षिणेकडं आयोनियन समुद्रावरून एक वाट निघते, ती भाच्यानंच पट्टी लावून काढली आणि मला मान्य करावी लागली.

शेवटी वहीत लिहिलं ते असं: लेबनॉनसारखं वर जाऊन खाली येणारं रॉकेट, हो, १९७० च्या दशकात. उपग्रह, नाही, कारण १९७८ ला चीन गेला, आणि चीन आणखी पंधरा वर्षं राहिला असता तर दक्षिणेकडून कदाचित. भाच्यानं "कदाचित" खाली दोन रेघा मारल्यात, आणि पुढच्या रविवारी तो क्युबा घेऊन येणार आहे.