विद्यापीठाची पर्यावरण लॅब सांभाळायला घेतलीत? मग आधी हे करा

पहिला महिना केबिनमध्ये बसूच नका, पोरांसोबत फिल्डवर जा, पैठणला नाथसागरावर नाहीतर एखाद्या खेड्यातल्या बोअरवर, अन् पाण्याचं सॅम्पल स्वतः घ्या. फ्लोराइडला बाटली प्लास्टिकचीच, काचेची चालत नाही, नायट्रेटचं सॅम्पल बर्फाच्या डब्यात ठेवून ४८ तासांत तपासायचं. रोज सकाळी पीएच मीटर ४, ७ अन् १० च्या बफरवर (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांवर) तपासून वहीत सही, पहिली सही तुमची. रीडिंग विचित्र आलं तर ओरडू नका हो, मग पोरं आकडे लपवायला लागतात, मी जवळून बघितलंय. अन् नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं की रिसर्च पेपर छापून यायची वाट बघू नका, आधी त्या गावच्या सरपंचाला फोन लावा, तिथं लेकरं तेच पाणी पितायत.